शुगर लँडच्या मुलीला ऑस्टिनच का हवं होतं?

२००८ साली ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासने ॲबिगेल फिशर या मुलीचा प्रवेशअर्ज नाकारला. ती ह्यूस्टनला लागून असलेल्या शुगर लँडची. तिने विद्यापीठाला कोर्टात खेचलं. खटला आठ वर्षं चालला, दोनदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून २०१६ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी विद्यापीठ जिंकलं.

‘फिशर विरुद्ध युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास’ हा खटला वाचला जातो तो वंशाच्या मुद्द्यासाठी. प्रवेश देताना अर्जदाराचा वंश पाहावा का, आणि पाहिला तर किती, हा त्यातला कायद्याचा प्रश्न. मी तो इथे वेगळ्याच प्रश्नासाठी काढतो आहे. ही मुलगी भांडत होती ती कुठल्या जागेसाठी? हार्वर्ड नाही, येल नाही, स्टॅनफर्डही नाही. घरापासून गाडीने अडीच-तीन तासांवरचं एक सरकारी विद्यापीठ. दुसरीत असल्यापासून आपल्याला तिथेच जायचं होतं, असं ती सांगते. वडील तिथले, बहीण तिथली.

आपल्याकडे ‘अमेरिकेतलं चांगलं कॉलेज’ म्हटलं की डोळ्यांपुढे एकच शिडी येते. वर हार्वर्ड आणि एमआयटी, मग बाकीची, क्रमांकाने. रँकिंगच्या याद्यांनी ती शिडी आणखी पक्की केली. प्रत्यक्षात अमेरिकन माणूस कॉलेजचं नाव ऐकून किती मान देईल, हे तो कुठल्या राज्यात वाढला त्यावर पुष्कळ ठरतं. फिशरच्या प्रकरणात हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

प्रवेश का नाकारला गेला

टेक्सासमध्ये १९९७ पासून एक कायदा आहे. राज्यातल्या कुठल्याही शाळेत, मग ती श्रीमंत उपनगरातली असो की मेक्सिकोच्या सीमेवरच्या एखाद्या गावातली, पहिल्या दहा टक्क्यांत येणाऱ्या मुलाला राज्याच्या सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश. तो प्रवेश ना निबंधावर ठरतो ना शिफारसपत्रावर. फिशरच्या वर्गात ६७४ मुलं होती आणि तिचा क्रमांक ८२ वा. दहा टक्क्यांची रेघ ६७ वर होती.

रेघेबाहेरच्या मुलांसाठी फार थोड्या जागा उरत. त्या वर्षी साडेएकोणतीस हजार अर्ज आले होते आणि पहिल्या वर्षाच्या दर पाच जागांतल्या चार या स्वयंचलित प्रवेशांनी भरल्या. उरलेल्यांना दोन मोजमापं लागत. एक गुणांचं, दुसरं निबंध, नेतृत्व, घरची परिस्थिती अशा गोष्टींचं, ज्यात वंश हा एक भाग होता. सॅट या प्रवेशपरीक्षेत फिशरचा गुणांक १६०० पैकी ११८०. विद्यापीठाचं म्हणणं असं की दुसऱ्या मोजमापात तिला पैकीच्या पैकी दिले असते तरी ती आत आली नसती.

पुढे शोधपत्रकारांनी आणखी एक गोष्ट छापली, आणि या विषयासाठी मला तीच सर्वांत बोलकी वाटते. नकार मिळालेल्या राज्यातल्या अनेक मुलांना ऑस्टिन एक मागचं दार उघडून देतं. पहिलं वर्ष युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्याच दुसऱ्या शहरातल्या शाखेत काढा, ठरलेला ग्रेड मिळवा आणि दुसऱ्या वर्षी ऑस्टिनला या. या योजनेला ‘कॅप’ म्हणतात (आपल्या सीईटीच्या कॅप राउंडशी नातं नाही). फिशरला हा पर्याय मिळाला होता. तिने तो घेतला नाही. ती शेजारच्या राज्यात, बॅटन रूजच्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत गेली आणि २०१२ मध्ये तिथून पदवीधर झाली.

लुइझियाना स्टेट काही आडगावचं कॉलेज नाही. ऑस्टिन टेक्सासचं जे आहे, तेच हे लुइझियानाचं: राज्याचं पहिल्या मानाचं सरकारी विद्यापीठ, भरगच्च फुटबॉल स्टेडियम, राज्यातल्या वकील-आमदारांची निम्मी ओळख तिथलीच. बॅटन रूजमध्ये त्या पदवीला जे वजन, ते ह्यूस्टनमध्ये नाही. मधलं अंतर गाडीने चार-साडेचार तासांचं.

पदवी घेऊन फिशर परत टेक्सासला आली आणि ऑस्टिनमध्येच विश्लेषक म्हणून नोकरीला लागली. २०१२ च्या एका मुलाखतीत तिला विचारलं, तुझं नुकसान नेमकं काय झालं? तिच्या उत्तराचा आशय असा: शिकण्यात काही कमी पडलं नाही; ऑस्टिनच्या पदवीधरांच्या गोतावळ्यात असते तर बरं झालं असतं, नोकरीही कदाचित चांगली लागली असती. कोर्टात तिची पैशांची मागणी अर्जाच्या आणि वसतिगृहाच्या शुल्काची, मिळून शंभर डॉलर होती. तेवढ्यावर खटला उभा राहू शकतो का, याचीही न्यायमूर्तींत चर्चा झाली.

हा गोतावळा किती दाट आहे ते खटल्याच्या कागदांतच दिसतं. खटल्यामागचा सूत्रधार एडवर्ड ब्लम स्वतः ऑस्टिनचा पदवीधर. पहिला निकाल विद्यापीठाच्या बाजूने देणारे जिल्हा न्यायाधीश सॅम स्पार्क्स हेही ऑस्टिनचेच.

राज्यघटनेतलं ‘पहिल्या दर्जाचं’

ऑस्टिनची पत आपोआप उगवलेली नाही. टेक्सासच्या १८७६ च्या राज्यघटनेतच कलम आहे की विधिमंडळाने ‘पहिल्या दर्जाचं’ विद्यापीठ उभारावं. नुसता शब्द देऊन ते थांबले नाहीत, जमीन दिली. आधी दहा लाख एकर आणि १८८३ मध्ये, विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी, आणखी दहा लाख. जमीन पश्चिम टेक्सासमधली, कोरडी, गुरं चारण्यापलीकडे निरुपयोगी मानलेली. विद्यापीठाला टाकाऊ जमीन देऊन वाटेला लावलं, असं त्या काळी कुणी म्हटलं असतं तर ते चूक ठरलं नसतं.

२८ मे १९२३ ला त्या जमिनीत सांता रीटा नंबर एक ही विहीर लागली. तेल. अशक्य कोटीतल्या गोष्टींसाठी ज्या संतिणीचा धावा करतात तिचं नाव विहिरीला आधीच दिलेलं होतं. तिथली यंत्रसामग्री नंतर ऑस्टिनच्या आवारात आणून मांडली, आजही ती तिथे आहे. तेलाच्या पैशातून जो कायमस्वरूपी निधी झाला त्याच्या उत्पन्नाचे दोन हिस्से युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्या संस्थांना आणि एक टेक्सास ए अँड एम या राज्याच्याच दुसऱ्या मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या संस्थांना मिळतो. टेक्सास विद्यापीठ समूहाची गंगाजळी अमेरिकेत हार्वर्डच्या खालोखाल गणली जाते. सरकारी विद्यापीठ म्हणजे हात आखडून चालणारी संस्था, ही आपली समजूत इथे लागू पडत नाही.

ए अँड एमचा उल्लेख आलाच आहे तर एवढं सांगतो, टेक्सासमध्ये विचारलं जातं ‘ऑस्टिन की ए अँड एम’, आणि ‘हार्वर्ड की ऑस्टिन’ हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. ए अँड एमच्या माजी विद्यार्थ्यांच्या बोटात कॉलेजची अंगठी असते. अनोळखी मुलाखतकाराच्या बोटात तीच दिसली की पुढचं बोलणं सोपं होतं. ही अंगठी बॉस्टनमध्ये कुणी ओळखणार नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये हा खटला सुचला असता का?

मला वाटतं, नसता. त्याचं कारण एकोणिसाव्या शतकात आहे.

अमेरिकेच्या ईशान्येत कॉलेजं राज्यांच्या आधी आली. हार्वर्ड १६३६ चं, येल १७०१ चं, प्रिन्स्टन १७४६ चं, ब्राउन १७६४ चं, डार्टमथ १७६९ चं. पाद्री, वकील, गव्हर्नर तिथेच घडत होते. सगळी खासगी. १८६२ मध्ये लिंकनच्या सहीने मॉरिल कायदा झाला आणि शेती-यंत्रविद्येची कॉलेजं काढायला केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या. पश्चिमेकडच्या आणि मधल्या राज्यांनी त्यातून सरकारी विद्यापीठं उभारली किंवा वाढवली. ईशान्येतल्या राज्यांनी काय केलं? न्यूयॉर्कने तो लाभ कॉर्नेलला दिला, कनेटिकटने येलच्या विज्ञान शाळेला, ऱ्होड आयलंडने ब्राउनला, न्यू हॅम्पशायरने डार्टमथला, न्यू जर्सीने तेव्हा खासगी असलेल्या रटगर्सला. मॅसॅच्युसेट्सने ॲमहर्स्टला शेतकी कॉलेज काढलं खरं, पण पैशांतला एक वाटा एमआयटीला दिला. सरकारी पैसासुद्धा खासगी दारातून आत गेला.

काही राज्यांनी पुढे तो लाभ काढून घेऊन स्वतःची कॉलेजं काढली, पण तोवर मानाची जागा भरली होती. ॲमहर्स्टचं शेतकी कॉलेज ‘युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्स’ (यूमास) झालं ते १९४७ मध्ये. न्यूयॉर्कची राज्य विद्यापीठ व्यवस्था १९४८ ची. बफलो आणि स्टोनी ब्रूक ही आमची अग्रगण्य विद्यापीठं, असं न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी जाहीर केलं जानेवारी २०२२ मध्ये! टेक्सासमध्ये, मिशिगनमध्ये, विस्कॉन्सिनमध्ये असं काही जाहीर करावं लागेल, ही कल्पनाच तिथल्या लोकांना हसवेल.

म्हणून बॉस्टनच्या उपनगरातला पालक मुलाला ‘निदान यूमास तरी मिळेल’ म्हणतो आणि ह्यूस्टनच्या उपनगरातला पालक ‘ऑस्टिन मिळालं!’ म्हणतो. दोन्ही विद्यापीठांत उत्तम प्राध्यापक आहेत. फरक आहे तो ‘निदान’ या शब्दाएवढा. उलट, विल्यम्स किंवा बोडन ही दोन हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांची छोटी कॉलेजं कनेटिकटमध्ये नाव काढताच भुवया उंचावतील अशी. पश्चिम टेक्सासमधल्या लबकमध्ये ‘हे कुठे आलं?’ असं विचारतील.

कॅलिफोर्निया या दोन्हींत बसत नाही. तिथे स्टॅनफर्ड आहे आणि बर्कलीही, आणि १९६० च्या आराखड्याने मुलांची पायरी आखून दिली: वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे, वरचे एक तृतीयांश राज्य कॉलेजांकडे, बाकी सगळ्यांना स्थानिक कम्युनिटी कॉलेजं खुली. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

येल आडवं आलं तेव्हा

टेक्सासमध्ये ईशान्येच्या नावांना कमी मान मिळतो, एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. क्वचित ती नावं अंगावरही येतात.

१९७८ मध्ये पश्चिम टेक्सासच्या १९ व्या मतदारसंघातले खासदार जॉर्ज माहन चार दशकांहून अधिक काळानंतर निवृत्त झाले. रिपब्लिकन उमेदवार होता बत्तीस वर्षांचा जॉर्ज डब्ल्यू. बुश. बालपण मिडलँडमधलं, पण शाळा मॅसॅच्युसेट्समधली अँडोव्हर, पदवी येलची, एमबीए हार्वर्डचं. समोर डेमोक्रॅट केंट हान्स, डिमिट गावच्या शाळेत शिकलेला, लबकच्या टेक्सास टेकचा पदवीधर.

हान्सने रेडिओवर जाहिरात लावली. तिची मांडणी अगदी साधी होती. हान्स डिमिटच्या शाळेतून बाहेर पडला तेव्हा विरोधक अँडोव्हरला होता. हान्स टेक्सास टेकमधून पदवी घेत होता तेव्हा विरोधक येलला होता. शिवी नाही, शाळा-कॉलेजांची नावं समोरासमोर. सभांत तो एक विनोदही सांगे. कनेटिकटची नंबरप्लेट लावलेली एक आलिशान गाडी शेतकऱ्यापाशी थांबते आणि रस्ता विचारते. शेतकरी म्हणतो, पुढे ‘कॅटल गार्ड’ लागेल तिथे उजवीकडे वळा. कॅटल गार्ड म्हणजे गुरांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात बसवलेली लोखंडी नळ्यांची जाळी. गाडीवाला विचारतो, ‘त्या गार्डचा गणवेश कुठल्या रंगाचा असतो?’

हान्स ५३-४७ असा जिंकला. ज्या दोन पदव्यांसाठी पुण्या-मुंबईतली घरं कर्ज काढतील, त्या दोन पदव्या लबकच्या मतदाराला परकेपणाचा पुरावा वाटल्या. हान्स पुढे टेक्सास टेकच्या विद्यापीठ समूहाचा कुलपती झाला, हेही त्या ठिकाणाला शोभणारं.

आणि बुश? येलनंतर त्याने ऑस्टिनच्या लॉ स्कूलला अर्ज केला होता. ऑस्टिनने नाकारला. मग हार्वर्ड बिझनेस स्कूलने घेतला. १९९७ मध्ये दहा टक्क्यांच्या कायद्यावर गव्हर्नर म्हणून सही केली ती याच माणसाने.

मान वाटून दिला की काय होतं

तो कायदा जन्मला एका कोर्टाच्या निकालातून. १९९६ च्या हॉपवुड निकालाने टेक्सासमध्ये प्रवेशात वंश पाहायला काही वर्षं बंदी आली. किंग्जव्हिलच्या आमदार अर्मा रांगेल यांनी पुढे आणलेल्या विधेयकाने वाट काढली: वंश नको, शाळा पाहा. टेक्सासच्या शाळा वस्तीप्रमाणे इतक्या विभागलेल्या की प्रत्येक शाळेतले पहिले दहा टक्के घेतले की विद्यापीठात आपोआप सरमिसळ होते. त्याआधी ऑस्टिनला एकही मूल न पाठवणाऱ्या शाळांतून मुलं येऊ लागली. ग्रामीण आमदारांना कायदा आवडला, मग त्यांचा पक्ष कुठला का असेना.

चिडली ती चांगल्या शाळांची उपनगरं. तिथे ८२ वा क्रमांक असलेली मुलगी दुसऱ्या एखाद्या शाळेत पहिल्या विसात असती, हे प्रत्येक पालकाला तोंडपाठ. काही घरांनी मुलांना मुद्दाम कमी चुरशीच्या शाळेत घातलं, असं अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसलं आहे. २००९ मध्ये विधिमंडळाने ऑस्टिनला सवलत दिली: राज्यातल्या मुलांच्या जागांपैकी ७५ टक्केच आपोआप भरा, मात्र पहिल्या वर्षाच्या ९० टक्के जागा टेक्सासच्या मुलांनाच द्या. ‘सत्तर-तीस’वर वाढलेल्या मराठी माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. अर्ज वाढत गेले तशी रेघ वर सरकली: आधी आठ-सात टक्के, मग बरीच वर्षं सहा, आणि २०२६ च्या प्रवेशांपासून पाच.

रेघ वर सरकली तसं नावही वर चढलं. जी गोष्ट सगळ्या शाळांना वाटायची म्हणून कायदा केला, ती त्या कायद्यानेच आणखी दुर्मीळ केली. हे धोरणकर्त्यांच्या मनात होतं असं मला वाटत नाही.

पैशांत पाहिलं तर

नावाचा उपयोग किती, याचं उत्तर अर्थशास्त्रज्ञांनी दोनदा नीट शोधलं आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये दाखवलं की सारख्याच कुवतीच्या, सारख्याच कॉलेजांना अर्ज केलेल्या मुलांत, अधिक निवडक कॉलेजात गेल्याने सरासरी कमाईत फारसा फरक पडत नाही; गरीब घरच्या मुलांना मात्र पडतो. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही लीग (हार्वर्ड, येल अशी ईशान्येतली आठ खासगी विद्यापीठं) आणि तशा चार कॉलेजांची तुलना थेट राज्यांच्या मोठ्या सरकारी विद्यापीठांशी केली. सरासरी कमाई जवळजवळ तीच. पण कमाईच्या सर्वांत वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता सुमारे दीडपट, आणि नामांकित कंपन्यांत नोकरीची तिप्पट.

दोन्ही आकडे खरे आहेत आणि फिशरच्या भांडणाशी ते जुळतात. वॉल स्ट्रीट किंवा सर्वोच्च न्यायालयातली क्लार्कशिप (न्यायमूर्तींच्या हाताखालची तरुण वकिलांची मानाची नोकरी) हवी असेल तर ईशान्येचं नाव लागतं. ह्यूस्टनची तेलकंपनी, डॅलसची बँक, ऑस्टिनचं विधिमंडळ हवं असेल तर ऑस्टिन पुरतं, बहुधा जास्तच उपयोगी पडतं. आणि टेक्सासच्या रहिवाशाला तिथली शिकवणी फी आयव्हीच्या एक पंचमांशाच्या आसपास पडते.

शुगर लँड, केटी, प्लेनो, फ्रिस्को या भागांत आज मराठी घरं भरपूर आहेत, आणि न्यू जर्सीच्या एडिसनमध्येही. दोघांच्या व्हॉट्सॲपवर भांडण ठरलेलं. जर्सीच्या मावशीच्या मते ऑस्टिन ‘स्टेट स्कूल’, म्हणजे तिच्या डोळ्यांपुढे रटगर्स, आणि शेजारी प्रिन्स्टन. टेक्सासच्या भाच्याच्या वर्गात ऑस्टिन मिळालेल्याला पेढे द्यावेत असं वातावरण. दोघंही आपापल्या राज्यापुरते बरोबर असतात, म्हणून भांडण मिटत नाही. तिसरा पुण्याचा काका, त्याला एमआयटीखेरीज काहीच ठाऊक नाही. त्याला गटातून काढता येत नाही.

एक बारकावा मात्र टेक्सासच्या घरांना उशिरा कळतो. पाच टक्क्यांची रेघ विद्यापीठात प्रवेश देते, हव्या त्या विषयात देत नाही. कॉम्प्युटर सायन्सला वेगळी चाळणी आहे आणि ती फार बारीक. तिथे अडलेली मुलं ए अँड एमला जातात, रिचर्डसनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास डॅलसला जातात, नाहीतर इलिनॉय किंवा पर्ड्यूला, परराज्याची दुप्पट-तिप्पट फी भरून. त्या एका विषयात ह्यूस्टनचा पालकसुद्धा राज्याच्या हद्दीबाहेर पाहायला तयार होतो. इतिहास किंवा बिझनेससाठी तोच पालक तसं करणार नाही.